जिन्याच्या दाराची बेल

सिंधूताईंच्या गुडघ्यांनी दगा दिला नसता, तर त्या घरात बेलचा विषय निघालाच नसता, आणि गोपाळराव ज्या साळसूदपणे म्हातारे होत होते त्याच साळसूदपणे होत राहिले असते. पण गुडघ्यांनी दगा दिला. राहायचं धंतोलीत, घराच्या चारही बाजूंना हाडांचे डॉक्टर, आणि स्वतःच्या घराचा जिना उतरताना मात्र भिंत धरायची, याचं सिंधूताईंना स्वतःलाच हसू यायचं.

त्या पारशिवनीकडच्या. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या, जिथे दिवसा दाराला कडी लावणं म्हणजे गावाशी भांडण झालं असं समजायचे. लग्नानंतर बरीच वर्षं खापरखेड्याच्या कॉलनीत काढली, कारण गोपाळराव तिथल्या वीज केंद्रात होते. सासरे गेले आणि मग धंतोलीतल्या या घरात मुक्काम हलला. घर पहिल्या मजल्यावर, खाली भाड्यानं दिलेलं औषधांचं दुकान, दुकानाला लागून जिना, आणि जिन्याला रस्त्याच्या बाजूनं पत्र्याचं दार. सासऱ्यांनी हे घर बांधलं तेव्हा धंतोलीत झाडं जास्त आणि दवाखाने कमी होते. आता सगळा विदर्भ इथे दुखणं घेऊन येतो. पेशंट आत असतो, आणि त्याचं गणगोत रस्त्यावर. ते गणगोत जिन्यात डबे खायला बसू लागलं, पायऱ्यांवर झोपू लागलं, तेव्हा गोपाळरावांनी ते दार बसवलं आणि आतून कुलूप घातलं. सिंधूताईंना ते काही आवडलं नाही. त्यांनी दाराबाहेर तिवईवर पाण्याचा माठ ठेवला. तो माठ अजून आहे, दुकानातली माणसं भरतात.

दाराशी बटण होतं आणि वर हॉलमध्ये बेल. पण ती बेल वाजत नव्हती. ‘जळाली,’ असं गोपाळरावांनी सांगितलं होतं त्याला आता बरीच वर्षं झाली. आणि खरं सांगायचं तर तेव्हा सिंधूताईंना वाईट वाटलं नव्हतं, उलट सुटल्यासारखं झालं होतं. दिवसभर टिंगटाँग. खाली उतरावं तर कोणी विचारणार, किडनीचा दवाखाना हाच का? कोणी म्हणणार, बाई, मोबाईल जरा चार्जिंगले लावून देता का? ‘राहू द्या आता तशीच,’ असं त्याच म्हणाल्या होत्या. ओळखीचे लोक फोन करून येत. दूधवाल्यासाठी गॅलरीतून दोरीला बांधलेली टोपली सोडली की काम भागत होतं. उभा जन्म विजेत घालवलेल्या माणसाच्या घरची बेल बंद, यावर पाहुण्यांनी चेष्टा करून घेतली आणि मग तेही विसरले. खालचं बटण मात्र होतं तिथेच होतं.

यंदा दिवाळीत सिंधूताई जिन्यात घसरल्या. फार लागलं नाही, पण पुण्याहून आलेल्या पियूषनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, ते डोळ्यानं पाहिलं. परत गेल्यावर त्यानं फोनवर टुमणं लावलं. कॅमेऱ्याची बेल बसवायची. खाली कोणी बटण दाबलं की वर मोबाईलवर त्याचा चेहरा दिसतो, इथूनच बोलता येतं, उगाच उतरायचं काम नाही.

“दोन प्रकारच्या येतात, आई,” तो म्हणाला. “एक बॅटरीवाली. भिंतीले चिकटवली का झालं, पण मधून मधून काढून चार्ज करा लागते. दुसरी वायरवाली. आपल्या जुन्या बेलची वायर भिंतीतून खालपर्यंत गेलीच आहे, ती चालली तर एक छोटासा ट्रान्सफॉर्मर टाकला का कायमचं काम. बाबांले विचार. त्यायच्यापेक्षा जास्त कोणाले समजते?”

विचारायचं कशाला, असं सिंधूताईंना वाटलं. गोपाळरावांचा देवापेक्षा अर्थिंगवर जास्त विश्वास. सेलवर चालतं ते खेळणं आणि तारेवर चालते ती मशीन, हे वाक्य त्यांच्या दोन्ही लेकरांनी जेवताखाता ऐकलेलं. घरात वीज गेली तरी ते टॉर्च लावायचे नाहीत, कंदील लावायचे. ते काय म्हणणार हे ठरलेलंच होतं.

“बॅटरीची घ्या,” गोपाळराव म्हणाले.

सिंधूताई नुसत्या बघत राहिल्या. “तुम्ही म्हणून राहिले हे?”

“मी नाही तर कोण? जुनी वायरिंग आहे. हात लावला का प्लास्टर पडन.”

“अन् उन्हाळ्यात? त्या दारावर दुपारभर ऊन असते. मे महिन्यात पत्र्याले हात लावता येत नाही. बॅटरी फुगणार नाही का?”

“काही होत नाही.”

“काढून चार्ज करायले खाली कोण जाईन?”

“मी जाईन.”

“रस्त्यावर चिकटवलेली वस्तू. रात्रीतून कोणी उपटून नेली तर?”

“तुले सांगतलं ना एकदा,” ते इतक्या मोठ्यानं बोलले की सिंधूताईंच्या हातातला चहा हिंदकळला. “जुन्या बेलले हात लावायचा नाही. बॅटरीची घे, नाहीतर घेऊच नको.”

माणूस म्हातारा झाला की आपल्याच विद्येवरचा त्याचा भरवसा उडतो, असं काहीतरी सिंधूताईंनी मनाशी ठरवलं आणि त्या गप्प बसल्या. नवऱ्याच्या बाबतीत त्या नेहमी असंच करायच्या. कारण हाती आलं नाही की त्या स्वतःच एखादं भलं कारण शोधून त्याच्या पदरात टाकायच्या.

आता दुसऱ्या लेकराचं सांगायला हवं. दामिनी, पियूषहून मोठी. खापरखेड्याच्या कॉलनीत शेजारच्या क्वार्टरमध्ये धम्मदीप राहायचा. त्याचे वडील आणि गोपाळराव एकाच शिफ्टला. दोघांनी एका डब्यात जेवून वर्षं काढली, एकाच्या घरचं लोणचं दुसऱ्याच्या बरणीत असायचं. दामिनीनं धम्मदीपशी लग्न करायचं म्हटलं तेव्हा मात्र त्याच गोपाळरावांना अचानक जात आठवली. डबा खाताना ती कुठे गेली होती कोण जाणे. दोघांनी कोर्टात लग्न केलं आणि कामठी रोडला बिऱ्हाड केलं. म्हणजे लेक परदेशात नाही गेली, याच गावात होती, ऑटोनं गेलं तर अर्ध्या तासावर.

गोपाळरावांनी आदळआपट केली नाही. चारचौघांत कोणी विचारलं की ते शांतपणे सांगत, “आपण काही दार बंद केलं नाही. तिले यायचं असन तर यावं. दार उघडंच आहे.” लग्नकार्यात, तेरवीला, बँकेच्या रांगेत, सगळीकडे हेच. ऐकणारे म्हणायचे, मोठ्या मनाचा माणूस आहे. सिंधूताईंनाही तसंच वाटायचं. फोन करावा असं त्यांच्या कितीदा तरी मनात आलं, पण सांगूनसवरून गेलेल्या लेकीनं पहिलं पाऊल टाकावं, हा हट्ट त्यांचाही होता. मुलगी झाल्याचं माहेरच्या कोणाकडून कानावर आलं. त्या वेळी त्यांनी स्वतःच्या जुन्या लुगड्यांचं एक दुपटं शिवलं, पिवळ्या दोऱ्यानं काठ भरला आणि वाट पाहिली. लेक आली नाही. दुपटं कपाटात गेलं. त्यानंतर पियूषसमोर त्यांनी दामिनीचं नाव काढणं बंद केलं, आणि तिकडे दामिनीनंही भावाला बजावून ठेवलं होतं की त्या घराचा विषय माझ्याजवळ काढायचा नाही. एकदा लेकीनं यावं, एवढं एकच मागणं सिंधूताईंचं या सगळ्या वर्षांत होतं, आणि ते त्यांनी कोणापाशी बोलूनही दाखवलं नाही.

बेलचं त्यांनी स्वतःच ठरवलं. गुडघे आपले, उतरायचं आपल्याला, मग निवडही आपली. गोपाळराव सकाळी बागेत जुन्या सोबत्यांबरोबर बसायला जात. ती वेळ साधून त्यांनी दुर्गेशला बोलावलं. हा त्या गल्लीतला इलेक्ट्रिशियन, हातापेक्षा तोंड जास्त चालणारा. आल्या आल्या त्यानं चहा मागितला, हवामानावर बोलला, मग खुर्चीवर चढून बेलचं झाकण काढलं.

“काकू, तुम्ही तर म्हणे बेल जळाली आहे.”

“जळालीच आहे ना.”

“कुठं जळाली? नवीनसारखी आहे. हिच्या वायरी काढून ठेवल्या कोणी तरी.” त्यानं भिंतीतून आलेली दोन टोकं बोटानं बाहेर ओढली. “अन् काढणारा पक्का माणूस दिसते. टेप मारून वरून दोरा गुंडाळला. असं आजकाल कोणी करत नाही, काकू. गरमीत टेप सुटते म्हणून जुने लोक करायचे.”

सिंधूताई जवळ गेल्या. चष्मा पुसला, पुन्हा लावला. टेपवर दोऱ्याचे घट्ट वेढे आणि बाजूला ओढलेली गाठ. ही गाठ त्यांच्या घरात जिकडे तिकडे होती. इस्त्रीच्या वायरला होती, मिक्सरला होती, दिवाळीच्या माळेला होती. वीज केंद्रातली सवय म्हणून गोपाळराव प्रत्येक जोड असाच बांधायचे. ते एक वेळ समजण्यासारखं होतं. पण दोरा पिवळा होता. दुपट्याच्या काठासाठी सीताबर्डीच्या बाजारातून आणलेला, त्यांच्या शिवणाच्या डब्यातला पिवळा दोरा.

त्या सोफ्यावर बसल्या आणि दुर्गेश काय बोलतोय ते त्यांना ऐकू येईना. डोकं एकच हिशेब पुन्हा पुन्हा लावत होतं आणि उत्तर आलं की ते मोडून पुन्हा पहिल्यापासून लावत होतं. नात झाली. मी दुपटं शिवत होते. त्याच दिवसांत बेल गेली.

“जोडून पाहतो, लाईन चालू असन तर मजाच आहे,” म्हणत दुर्गेशनं वायरी जोडल्या आणि किल्ली घेऊन तो खाली गेला. 

आणि बेल वाजली. टिंगटाँग. तीच, जशीच्या तशी, इतक्या वर्षांचा जराही गंज न लागलेली. सिंधूताई दचकून उभ्या राहिल्या, आणि त्याच वेळी त्यांना दारात गोपाळराव दिसले. ते आज लवकर परतले होते, उघड्या जिन्यानं वर येत होते, आणि शेवटच्या पायरीवर पाय ठेवून तसेच थांबले होते.

“कोणं सांगतलं बेल उघडायले?” ते म्हणाले.

एवढ्या एका वाक्यानं सगळं स्पष्ट झालं. बेल कशी काय वाजली, असं त्यांनी विचारलं असतं तर सिंधूताईंनी अजूनही एखादं भलं कारण शोधलं असतं. 

“काहून काढली होती?” त्यांनी विचारलं.

गोपाळराव आत आले, खुर्चीवर बसले, पायातली चप्पल काढायची राहून गेली.

“ती आली होती,” ते शेवटी म्हणाले. “लेकरू घेऊन. तू पारशिवनीले भावाकडे गेली होती तेव्हा. बेल वाजली. मी गॅलरीतून पाहिलं. बांबूच्या चिकाच्या पडद्यातून खालच्याले आपण दिसत नाही. थोडा वेळ उभी राहिली अन् गेली.”

“अन् तुम्ही खाली गेले नाही.”

“नाही गेलो. मले वाटलं पुन्हा येईन. तू घरी असशीन, तू दार उघडशीन. तुले मी ओळखतो.”

“म्हणून बेल काढली.”

त्यांचं लक्ष आता पायातल्या चपलेकडे गेलं आणि ते ती काढू लागले.

“मग आली का ती पुन्हा?”

“आली.”

“मी घरात होती?”

गोपाळरावांनी जमिनीकडे पाहिलं. “तू स्वयंपाकघरात होती. भाकरी करून राहिली होती.”

सिंधूताईंना रडू आलं नाही. रडू यायला निदान गोष्ट समजावी लागते, आणि ही गोष्ट त्यांच्या डोक्यात मावतच नव्हती. तव्यावर भाकरी टाकणारी मी, आणि त्या भाकरीच्या खाली, एका मजल्याच्या अंतरावर, बटण दाबून उभी असलेली माझी लेक. मधे हा माणूस, पडद्याआड. आणि मग त्यानं हात धुऊन पाटावर बसून तीच भाकरी खाल्ली असणार, ‘अजून वाढ’ म्हटलं असणार. पुढची सगळी वर्षं तो जगाला सांगत होता, दार उघडंच आहे. वायर काढून ठेवली आणि बटण मात्र तसंच लावून ठेवलं, दाबणाऱ्याला वाटावं की वर बेल वाजते आहे. चोर बरा. तो निदान घेतो आणि निघून जातो, आपल्या बाजूला बसून जेवत नाही.

“आवाज आला का, काकू?” दुर्गेश धापा टाकत वर आला.

“आला,” सिंधूताई म्हणाल्या.

“मग काय करायचं? बॅटरीची का वायरची?”

“वायरची,” त्या म्हणाल्या. “अन् पक्की बसव. कोणाच्या हातानं निघाली नाही पाहिजे.”

बेल बसवेपर्यंत गोपाळराव त्या खुर्चीवरच होते. दुर्गेशनं बाजारातून सामान आणलं, जुनी बेल काढून त्याच जागी नव्या बेलचा डबा लावला, खाली दाराशी कॅमेऱ्याचं बटण बसवलं, आणि सिंधूताईंच्या मोबाईलवर खालचा रस्ता दिसू लागला. माठ, माठाशी पाणी पिणारा एक म्हातारा, मागून जाणारी ॲम्ब्युलन्स. सगळं स्वच्छ दिसत होतं. इतकं स्वच्छ, की सिंधूताईंनी मोबाईल पालथा ठेवला.

पियूषकडून नंबर घेऊन त्यांनी दामिनीला फोन केला.

“दामिनी, मी बोलून राहिली. आई.” मग त्यांनी जे होतं ते सरळ सांगून टाकलं. “बेल बंद होती वं. तुह्या बाबांनी वायर काढली होती. मले आजच समजलं. मले कधीच आवाज आला नाही.”

तिकडे दार लोटल्याचा आवाज आला.

“आई,” दामिनी म्हणाली, तिचा आवाज ओळखू येत नव्हता. “मी खालून गॅलरी पाहत होती. तुही साडी वाळत होती. घरात लाईट होता. भूमिका तेव्हा कडेवर होती माह्या. मी बटण दाबायची अन् वर पाहायची. रस्त्यावर हाक मारली असती, पण दुकानात लोकं होते, बाबांचा तमाशा नको म्हणून नाही मारली. मले वाटलं, बाबा तर बाबा, पण आईलेही मी नको झाली.”

“नाही वं.”

“शेवटच्या वेळी मी घरी जाऊन धम्मदीपले म्हटलं, आजपासून मले आई नाही.” ती थांबली. “आता मी काय करू, आई? हे सगळं मी कुठं ठेवू?”

ये, एवढंच सिंधूताई म्हणाल्या. पाहते, असं म्हणून दामिनीनं फोन ठेवला.

त्यानंतर घरात बोलणं उरलं नाही. सिंधूताई ताट वाढून ठेवत आणि आत जाऊन बसत. गोपाळरावांनी एकदा, “माह्यं चुकलं,” असं म्हणून पाहिलं. सिंधूताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुन्हा म्हणाले नाहीत.

रविवारी सकाळी पियूषचा मेसेज आला, ताई निघाली आहे. सिंधूताई मोबाईल हातात घेऊन बसल्या. कपाटातलं दुपटं काढून त्यांनी मांडीवर ठेवलं, आणि मग एवढ्या मोठ्या पोरीला दुपटं कसलं द्यायचं, म्हणून बाजूला ठेवलं. मोबाईलवर माठ दिसत होता. लोक येत होते, पाणी पीत होते, जात होते. मग ऑटो थांबला आणि दामिनी उतरली. कानाजवळचे केस पांढरे झाले होते. लेकीचे केस पांढरे झालेले आईला मोबाईलवर पाहावे लागतात, हे कोणाच्या नशिबी येऊ नये.

दामिनी दारापाशी आली. बटणाकडे तिचा हात गेला आणि परत आला. पुन्हा गेला, पुन्हा परत आला. ती नुसती उभी राहिली. बाजूला वेण्या घातलेली पोरगी आईकडे पाहत होती. इथूनच बोलता येतं असं पियूषनं सांगितलं होतं, पण कुठे दाबून बोलायचं ते सिंधूताईंना आठवेना. त्यांनी मोबाईल सोफ्यावर टाकला. कॅमेरा त्यांना खाली उतरावं लागू नये म्हणून बसवला होता. त्या उतरल्या. एका हातानं भिंत धरून, एकेक पायरी, तोंडानं “आली, आली,” म्हणत.

कुलूप काढून त्यांनी दार ओढलं. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. मग हातच पुढे झाले आणि दोघी रडू लागल्या. माठाशी उभ्या असलेल्या एका बाईनं तोंड फिरवून घेतलं. दवाखान्याच्या रस्त्यावर असं रडणं तिनं पाहिलेलं असणार, तिला वाटलं असेल यांचं कोणी गेलं.

“आजी,” भूमिका मधेच म्हणाली, “ही खरंच वाजते का?”

“वाजते. दाब.”

पोरीनं दाबलं. वर बेल वाजली, खालपर्यंत ऐकू आली. आता दार उघडंच असल्यामुळे आवाज जिन्यातून सरळ येत होता. पोरीला गंमत वाटली, तिनं पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं.

“बस कर गं,” दामिनीनं तिचा हात धरला. “बाबा वर असतील ना, आई?”

“आहेत,” सिंधूताई म्हणाल्या, आणि त्यांनी लेकीच्या हातातून नातीचा हात सोडवला. “दाबू दे तिले. जेवढ्या वेळा तू दाबली, तेवढ्या वेळा दाबू दे. त्यायले ऐकू दे.”

भूमिकानं पुन्हा बटण दाबलं. वर बेल वाजत राहिली. जिन्यात कोणाच्याही पावलांचा आवाज आला नाही.